वय झालं म्हणून सोडून देऊ नका: विसरणं, डिमेन्शिया आणि मेंदूच्या आजारांविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घरांत इतकी सहज तोंडी येते, की आईनं तासाभरात चौथ्यांदा तोच प्रश्न विचारला तरी त्यात आजार कुणाला दिसत नाही. देशभरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीवरून काढलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे. हाच आकडा उलटा वाचा: साठीपुढच्या शंभरातल्या नव्वदहून अधिक लोकांना तो नाही. म्हणजे निव्वळ साठी हे बुद्धी नाठी होण्याचं कारण नव्हे. कारण शोधावं लागतं, आणि काही वेळा ते उपचारानं बरं होणारं निघतं.

नावं पटकन आठवत नाहीत, चष्मा सापडत नाही. घाबरावं का?

एवढ्यावरून नाही. वयानुसार आठवायचा वेग कमी होतो. नाव ओठांवर अडतं आणि अर्ध्या तासानं भलतंच काम करताना आपोआप आठवतं. लग्नाला गेल्याचं आठवतं, पंगतीत काय वाढलं होतं ते आठवत नाही, यातही काही वावगं नाही. पण लग्नाला गेलो होतो हेच आठवत नसेल आणि फोटो दाखवूनही खूण पटत नसेल, तर तपासणी हवी.

त्याहून जास्त सांगून जातं ते रोजच्या कामातलं बिघडणं. चाळीस वर्षं आमटी करणारी बाई तेल तापल्यावर मोहरीचा डबा हातात धरून तशीच उभी राहते, पुढचं सुचत नाही. मीठ दोनदा पडतं, तेही वारंवार. भाजीवाल्याला पाचशेची नोट देऊन उरलेले पैसे न घेताच माणूस निघतो, लाइट बिल दोनदा भरतो, नेहमीच्या पीएमपीच्या बसमधून भलत्याच थांब्यावर उतरतो. पूर्वी सहज जमणारं गेल्या सहा महिन्यांत, वर्षभरात जमेनासं झालंय का, हा प्रश्न स्वतःला विचारा. आणि एक लक्षात ठेवा: स्वतःच्या विसरण्याची तक्रार करत स्वतःहून डॉक्टरकडे जाणाऱ्यापेक्षा, ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्या आणि घरच्यांनाच काळजीत टाकणाऱ्या माणसाबद्दल जास्त सावध राहावं.

आजोबा अख्खी रामरक्षा न अडखळता म्हणतात, पावकी-निमकीही येते. मग त्यांना डिमेन्शिया कसा असेल?

असू शकतो, आणि निदान लांबण्याचं हे फार मोठं कारण आहे. लहानपणी हजारो वेळा घोकलेलं मेंदूत पसरून, खोल रुजलेलं असतं. डिमेन्शिया आणणारा अल्झायमर हा आजार आधी घाव घालतो तो हिप्पोकॅम्पस या भागावर, म्हणजे नवी आठवण तयार करणाऱ्या यंत्रणेवर. त्यामुळे १९६१ चा पानशेतचा पूर तपशीलवार सांगणाऱ्या माणसाला सकाळी नाश्ता केला का ते सांगता येत नाही. जुनं आठवतंय म्हणजे स्मरणशक्ती शाबूत आहे, असा अर्थ काढू नका. अंदाज घ्यायचाच तर काल घरी कोण आलं होतं, आज पेपरात काय वाचलं, हे गप्पांच्या ओघात विचारा. चारचौघांत परीक्षा घेऊ नका, माणूस आतून खचतो.

डिमेन्शिया आणि अल्झायमर एकच का?

नाही. डिमेन्शिया म्हणजे लक्षणांचा समूह: स्मृती, भाषा, निर्णय, दिशांचं भान यांपैकी काही इतकं ढासळणं की रोजचं स्वतंत्र जगणं अडतं. त्याची कारणं अनेक, आणि अल्झायमर हे सर्वांत मोठं. साठ ते सत्तर टक्के रुग्णांमध्ये तोच कमी-अधिक असतो. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन मांडलं, आणि त्यांची ती रुग्ण आजारी पडली तेव्हा जेमतेम पन्नाशीची होती.

रक्तवाहिन्यांमुळे होणारा डिमेन्शिया बऱ्याचदा पायऱ्या उतरावा तसा येतो: एक झटका, थोडी घसरण, मग काही महिने स्थिर. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या घरांत तो विशेष दिसतो, आणि एकाच मेंदूत अल्झायमरसोबतही असू शकतो. लुई बॉडी प्रकारात नसलेली माणसं, मुलं, प्राणी स्पष्ट दिसतात, एक दिवस बरा तर दुसरा अगदी वाईट जातो, चाल कंपवातासारखी होते आणि झोपेत माणूस हातपाय झाडतो. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग झिजतो तेव्हा, आधी स्मृती नाही, स्वभाव बदलतो. पन्नाशीतला भिडस्त माणूस अचानक उद्धट होतो, पैसे उधळतो, गोडाच्या मागे लागतो. घरात भांडणं होतात, आजार आहे हे कुणाच्या मनातही येत नाही.

विसरण्याची कोणती कारणं बरी होऊ शकतात?

थायरॉइड कमी असणं, बी-१२ ची कमतरता, रक्तातलं सोडियम उतरणं, नैराश्य, दारू, झोपेत श्वास अडखळणं आणि औषधं. औषधांकडे सर्वांत कमी लक्ष जातं. ॲलर्जीच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या, लघवी रोखायच्या काही गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन, थरथर कमी करणारी ट्रायहेक्सीफेनिडिल, आणि झोपेसाठी वर्षानुवर्षं चालू राहिलेली अल्प्राझोलाम, ही सगळी वयस्कर मेंदूला गोंधळात टाकतात. पण अल्प्राझोलाम एका दिवसात बंद करू नका, फेफरं येऊ शकतं. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

आणखी एक त्रिकूट मुद्दाम सांगायला हवं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि मंदावलेली बुद्धी, हे तिन्ही एकत्र दिसलं तर मेंदूतलं पाणी साठलेलं असू शकतं. निवडक रुग्णांमध्ये ते पाणी नळीवाटे पोटात सोडण्याची शस्त्रक्रिया केल्यावर चाल लक्षणीय सुधारते.

बी-१२ चं एवढं का सांगतात?

कारण ते शाकाहारात मुख्यतः दुधा-दह्यातूनच मिळतं, आणि आपल्याकडे कमतरता घरोघरी आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत सुरू केलेल्या गर्भवतींच्या अभ्यासात, तरुण वयातही बहुसंख्य स्त्रियांचं बी-१२ कमी आढळलं. वयस्करांत त्यात भर पडते ती मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची आणि वर्षानुवर्षं रोज सकाळी घेतलेल्या पॅन्टोप्रॅझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्यांची. दोन्हींमुळे ते कमी शोषलं जातं.

इथे नेहमी होणारी चूक अशी की ‘अशक्तपणाचं इंजेक्शन’ आधी टोचून घेतलं जातं आणि रक्त नंतर तपासलं जातं. मग अहवालात आकडा भरपूर दिसतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. आधी रक्त, मग इंजेक्शन. तळपायांना मुंग्या येत असतील किंवा अंधारात तोल जात असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि बी-१२ भरून काढल्यावरही विसरणं वाढतच राहिलं, तर तपास तिथे थांबवू नका.

काल ठीक होते, आज कुणाला ओळखत नाहीत. डिमेन्शिया इतक्या पटकन येतो?

येत नाही. तासा-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेला गोंधळ हा डिलिरियम असतो आणि त्याला तातडीनं डॉक्टर लागतो. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, शरीरातलं पाणी कमी होणं, साखर उतरणं, नवी गोळी, शस्त्रक्रिया: कारण बहुतेकदा मेंदूबाहेरचं असतं. ताप नसला तरी वयस्करांत संसर्ग असू शकतो. माणूस आरडाओरडाच करील असं नाही. नुसता गुंगून, शांत पडून राहणं हे त्याचंच रूप आहे आणि तेच नजरेतून सुटतं.

पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी झोपाळलेपणा, डोकेदुखी, एका बाजूनं कमजोरी आली तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका जास्त. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं आणि काढता येतं. ‘तेव्हा काही लागलं नव्हतं’ म्हणून ते पडणं सांगायचं राहू देऊ नका.

तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं आणि दहा मिनिटांत नीट झालं. थांबून बघावं का?

अजिबात नाही. १०८ ला फोन करा. लक्षणं विरली तरी तो पुढच्या पक्षाघाताचा इशारा असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि हे तास माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला तिथून मोजतात. म्हणून ती वेळ लिहून ठेवा. तोंडातून पाणी, औषध काही देऊ नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. जवळचं नव्हे, सीटी स्कॅनची आणि पक्षाघाताच्या उपचारांची चोवीस तास सोय असलेलं रुग्णालय गाठा. गणपतीत पुण्यातल्या पेठांमधले रस्ते बंद असतात, तेव्हा त्या भागातल्यांनी गाडी कुठून बाहेर निघेल हे आधीच बघून ठेवावं.

फेफरं आलं तर कांदा हुंगवावा का?

नको, चप्पलही नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, दातांत चमचा घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही, लगेच दुसरं आलं किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आलं असेल, तर रुग्णालयात न्या.

पुण्यात कोणत्या डॉक्टरकडे जावं? सोबत काय न्यावं?

सुरुवात घरच्या फिजिशियनपासून करा. पुढे न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ, यांपैकी जे मिळतील ते. ‘मानसोपचारतज्ज्ञाकडे? आम्ही काय वेडे आहोत का?’ असं घरातूनच म्हटलं जातं. डिमेन्शियातल्या भास-संशयांचा सर्वाधिक अनुभव अनेकदा त्यांनाच असतो. खर्च झेपत नसेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाची ओपीडी आहे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन मोफत आहे.

सोबत रोज एकत्र राहणारं माणूस हवं. परदेशातून आठ दिवसांसाठी आलेला मुलगा एकटाच घेऊन गेला तर अर्धी माहिती घरीच राहते. औषधांची यादी नको, सगळी औषधं पिशवीत घालून न्या. चूर्णं, काढे, झोपेच्या गोळ्यांसह. चष्मा आणि कानाचं यंत्र लावूनच न्या, नाहीतर स्मृतीच्या चाचणीत न ऐकू आल्याचे गुण कापले जातात. आणि एका कागदावर तीन-चार प्रसंग तारखेनिशी लिहा. ‘खूप विसरतात’ यापेक्षा ‘१२ तारखेला बँकेतून येताना नेहमीचा रस्ता चुकले’ हे डॉक्टरांना उपयोगी पडतं. कागद निमूटपणे त्यांच्या हाती द्या. आईसमोर तिच्या चुकांचा पाढा वाचला, तर ती पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही.

कोणत्या तपासण्या होतात?

रक्तात हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, कॅल्शियम, किडनी, लिव्हर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२. शक्यतो एमआरआय, किमान सीटी. आणि ३० गुणांची बोलण्या-लिहिण्याची चाचणी. त्यात वार-तारीख, शब्द लक्षात ठेवणं, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटांचे काटे दाखवणं असं असतं. चाचणी मराठीतून घ्या असा आग्रह धरा, आणि शिक्षण किती ते खरं सांगा. चौथी शिकलेल्या आजीचे २२ आणि निवृत्त प्राध्यापकांचे २२ यांचा अर्थ सारखा नसतो. उलट अवघड भाग असा, की उच्चशिक्षित माणूस सुरुवातीला पैकीच्या पैकी गुण मिळवूनही आजारी असू शकतो. अशा वेळी सविस्तर चाचणी करून सहा ते बारा महिन्यांनी ती पुन्हा घेतात. एमआरआयमध्ये ‘वयानुसार मेंदू आक्रसलेला’ एवढंच लिहिलं असेल, तर तेवढ्यावरून निदान होत नाही आणि आजार नाही असंही ठरत नाही.

औषधानं आजार बरा होतो का?

अल्झायमर बरा करणारं औषध आज नाही. डोनेपेझिलनं काही काळ लक्ष आणि स्मृती थोडी सावरते. साधारण ५ मिलिग्रॅमनं सुरू करून चार ते सहा आठवड्यांनी १० करतात. मळमळ, जुलाब होतात. नाडी मंदावू शकते, म्हणून आधी ईसीजी पाहतात. रात्री भयानक स्वप्नं पडू लागली तर गोळी सकाळी देता येते का ते विचारा. त्याच कामाच्या रिव्हास्टिग्मिनच्या, त्वचेवर चिकटवायच्या पट्टीत एक घातक चूक होते: जुनी न काढताच नवी लावली जाते आणि डोस दुप्पट होतो. पाठीवर जिथे त्यांचा हात पोचत नाही तिथे लावा, पट्टीवर तारीख लिहा, जागा रोज बदला. मेमँटिन मध्यम आणि पुढच्या टप्प्यात देतात. किडनी कमजोर असेल तर डोस कमी लागतो.

आरडाओरडा शांत करायला दिली जाणारी हॅलोपेरिडॉलसारखी औषधं लुई बॉडी प्रकारात माणसाला लाकडासारखं ताठ करू शकतात. इतर प्रकारांतही ती कमीत कमी डोसमध्ये, थोडेच दिवस असावीत. आधी दुखतंय का, शौचाला झालंय का, हे बघा.

अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये मंजूर झालेली लेकानेमॅब, डोनानेमॅब ही शिरेतून द्यायची औषधं मेंदूतला अमायलॉइड या प्रथिनाचा साका कमी करतात आणि घसरण काहीशी मंदावतात. ती फक्त अगदी सुरुवातीच्या टप्प्यात चालतात, वारंवार एमआरआय लागतो, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. गेलेली स्मृती त्यांनी परत येत नाही.

संध्याकाळ झाली की आई ‘मला घरी जायचंय’ म्हणते. आम्ही तर घरीच असतो. काय सांगावं?

‘हेच तुझं घर’ हे दहा वेळा सांगून उपयोग होत नाही. तिच्या लेखी तुम्ही तिला अडवून ठेवलेलं असतं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात सगळा संसार झाला, वाडा पडून तिथे इमारत झाली आणि ती आता कोथरूडच्या सातव्या मजल्यावर राहते. ती मागतेय तो पत्ता उरलेलाच नाही. बऱ्याचदा ‘घर’ म्हणजे ओळखीचं, निर्धास्त वाटणं.

आधी पोटापाण्याचं बघा: भूक, लघवी, दुखणं. मग विषयात शिरा. ‘वाड्यात विहीर कुठे होती गं?’ असं विचारलं की ती बोलू लागते, बोलता बोलता निवते. चपला घालून सोसायटीला एक फेरी मारून आणा; परत आल्यावर पुष्कळदा तेच घर तिला पटतं. कातरवेळ या आजारात खरोखर जड जाते, कारण उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा असतो. अंधार पडायच्या आत सगळे दिवे लावा, तेव्हाच देवापाशी दिवा लावायचं काम तिच्या हाती द्या, पण निरांजन पेटतं असताना तुम्ही जवळ उभं राहून. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको, चारनंतर चहाही नको.

सासूबाई मावशींवर चोरीचा आळ घेतात. मावशी काम सोडून चालल्यात.

वस्तू त्यांनीच जपून ठेवलेली असते आणि ठेवल्याची आठवण गेलेली असते. मेंदू ती रिकामी जागा ‘कुणीतरी नेली’ या एकमेव शक्य उत्तरानं भरतो. वाद घालू नका, पुरावे देऊ नका. ‘चला, आपण शोधू’ म्हणा आणि त्यांनाच सापडू द्या. नेहमीच्या जागा असतात: उशीचा अभ्रा, तांदळाचा डबा, साडीची घडी. पर्स, चष्मा, जपमाळ यांची दुसरी तशीच जोडी आणून ठेवा. दागिने बँकेत हलवा. मावशींना पहिल्याच दिवशी हे सगळं सांगा आणि आळ आला की त्यांच्या बाजूनं उभं राहा. कामाला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून रोज नवं माणूस येत असेल तर संशय वाढतो, म्हणून चेहरा एकच राहील असं ठरवून घ्या.

घरात काय बदल करावेत?

न्हाणीघरापासून सुरुवात करा. आतली कडी काढा. पांढऱ्या फरशीवर पांढरं कमोड दिसतच नाही, म्हणून सीट गडद रंगाची बसवा. आंघोळीचा मगही लाल किंवा निळा. गरम पाणी बादलीत तुम्हीच विसणून द्या. आंघोळीला नकार आला तर थंडी, लाज किंवा डोक्यावर पाणी येण्याची भीती, यांपैकी काहीतरी असतं: आधी पायांवर पाणी घाला, अंगाभोवती पंचा राहू द्या, केस वेगळ्या दिवशी धुवा. दारातलं काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटू शकतं. आरशातली बाई परकी वाटत असेल तर आरसा झाका. रात्री आणि कुणी जवळ नसताना गॅसचा मुख्य कॉक बंद. स्कूटरची किल्ली मात्र निदान झाल्यावर लगेच, डॉक्टरांच्या तोंडून सांगून काढून घ्या. तुमच्याशी भांडतील, डॉक्टरांचं ऐकतील.

बाबा बाहेर पडले आणि सापडत नाहीत. पहिल्या तासात काय करायचं?

एकानं घरी थांबायचं. सोसायटीचा जिना, गच्ची, पार्किंग, मग जुने रस्ते: आधीचं घर, ऑफिस, मंडई, नेहमीचं देऊळ. बहुतेकदा पाय जुन्या वाटेनंच जातात. ११२ ला फोन करा आणि जवळच्या पोलीस चौकीत तक्रार द्या. २४ तास थांबावं लागतं असा कोणताही नियम नाही. तयारी आधीच हवी: महिन्याभरातला फोटो मोबाईलमध्ये, सदऱ्याच्या आतल्या बाजूला शिवलेला फोन नंबर, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार, रिक्षा स्टँड, वॉचमन यांना स्पष्ट शब्दांत दिलेली कल्पना. लाजेपोटी आजार लपवला, तर नेमकी हीच माणसं मदतीला येऊ शकत नाहीत.

बँक, सही, मृत्युपत्र यांचं काय?

हे निदानानंतर पहिल्या काही महिन्यांतच करा, समज शाबूत असताना. अनेकांचा समज असतो की मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं. आपल्या कायद्यात, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की साधं मुखत्यारपत्रही संपतं, आणि पुढे पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागतं. म्हणून खातं ‘दोघांपैकी कुणीही’ पद्धतीचं संयुक्त करा, सगळीकडे नॉमिनीची नोंद करा, यूपीआयची मर्यादा उतरवा. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नसावा. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं मानसिक क्षमतेचं प्रमाणपत्र जोडा. महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या.

आईला आहे, मला होईल का? टाळता येतं का?

साठीच्या आत सुरू होणारे, थेट आनुवंशिक प्रकार फार विरळ आहेत. उतारवयातल्या अल्झायमरमध्ये धोका थोडा वाढतो, ठरलेला नसतो. ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या आयोगानं बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले आणि जगभरातल्या सुमारे ४५ टक्के डिमेन्शियाशी त्यांचा संबंध जोडला. त्यात न ऐकू येणं, वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, डोक्याची इजा आहे. म्हणून चाळिशीपासून रक्तदाब मोजा, आठवड्याला १५० मिनिटं चाला, हेल्मेट घाला, आणि कानाचं यंत्र लागत असेल तर ते कपाटात ठेवू नका. शब्दकोडी सोडवा, पण त्यांच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

पाणी पिताना ठसका लागतो, वजन उतरतंय. आता काय?

पुढच्या टप्प्यात गिळण्याची क्रियाच मंदावते. ताठ बसवून भरवा, छोटा चमचा, तोंडातला घास गिळल्याशिवाय दुसरा नको, जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवा. पातळ पाण्याऐवजी दाटसर पेज, कढण, घट्ट ताक सहसा सोपं जातं; स्पीच थेरपिस्ट नेमका दाटपणा ठरवून देतात. वजन दरमहा लिहून ठेवा. या टप्प्यात नाकातून किंवा पोटातून नळी घातल्यानं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही, म्हणून हाताने, प्रेमानं, जमेल तेवढं भरवत राहणं हाही पूर्ण उपचारच आहे. हा निर्णय आयसीयूच्या दारात घाईनं घेण्याऐवजी भावंडांनी घरी बसून, डॉक्टरांना विचारून, आधीच घ्यावा; आणि आईनं बोलता येत असताना याबद्दल कधी काही म्हटलं असेल, तर तिचा शब्द आधी धरावा.